सॅटिन काळा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

अहवालाच्या चौथ्या पानावर तुमची ओळ आहे : 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहन दरीत कोसळले.' तिच्याखाली लगेच दुसरी : 'वाहनाच्या बंपरचे रंगकाम मंजूर नमुन्याप्रमाणे असून समाधानकारक आहे.' दुसरी ओळ खरी आहे. ते रंगकाम माझं होतं. पहिल्या ओळीतला चालक माझा भाऊ होता.

तुमचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते काम आता दुसऱ्या खात्यात गेलं, ती फाईल आमच्याकडं नाही. म्हणून नुसतं साहेब. तुम्हाला बरोबर कळेल. त्या दिवशी तुम्ही पांढरे बूट घालून आला होता आणि माझ्या शेडच्या फरशीवरची काळी पावडर बघून दारातच थांबला होता.

"आत या की साहेब," सर्जा म्हणाला. "आक्काचीच शेड हाय. घरचीच समजा."

"इथूनच दिसतंय," तुम्ही म्हणालात.

सर्जा म्हणजे सर्जेराव सनगर, माझा धाकटा भाऊ. तुमच्या खात्यात सात वर्षं कंत्राटी चालक. घाटात दरड पडली, पुरात कोण अडकलं, की उंच चाकांच्या गाड्या घेऊन जे जातात त्यांतला एक. अशा सहा गाड्यांना नवे लोखंडी बंपर बसवायचं खात्यानं ठरवलं होतं. प्रत्येक बंपरला पुढं दोन जाड कड्या. गाडी चिखलात रुतली किंवा घसरली तर ह्या कडीत दोर अडकवायचा आणि ओढून काढायचं. बंपर बनवायचे हनीफमामांनी आणि रंगवायचे मी. हनीफ मुजावर, माझ्या शेडला लागूनच त्यांची वेल्डिंगची शेड. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची एकच भिंत. मला धंदा शिकवला तो त्यांनी. नवरा गेल्यावर पावडर कोटिंगची, म्हणजे लोखंडावर रंगाची भुकटी मारून भाजायची, भट्टी चालवायला घेतली, तेव्हा लोखंड तापलं की कसं वागतं हे मला त्या माणसानं सांगितलं.

हे काम आमच्याकडं आणलं सर्जानं. तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी येऊन सांगून गेला होता.

"आक्का, कामात कसर नको. साहेब कायमच्या यादीत माझं नाव घालणार हायत. तोंडानं म्हणालेत."

"तोंडानंच म्हणालेत न्हवं?"

"तू पण ना. मानूस तोंडानंच म्हणतंय की आदी. समृद्धीच्या शाळंत बापाचा धंदा लिवायला सांगत्यात तवा मी 'कंत्राटी' लिवतोय. कंत्राटी हा काय धंदा झाला व्हय?"

समृद्धी त्याची पोरगी. आठ वर्षांची होती तेव्हा.

तर त्या दिवशी दारात तुम्ही, तुमच्या मागं फाईल धरलेला एक कारकून, सर्जा, हनीफमामा आणि मी. मध्ये दोन स्टँडवर पहिला बंपर ठेवला होता, कोरा, राखाडी. मी पत्र्याच्या तीन पट्ट्या रंगवून ठेवल्या होत्या, हाताएवढ्या. एक ग्लॉसी. एक टेक्श्चर, म्हणजे खरखरीत दाणेदार. एक सॅटिन, म्हणजे ना चमकणारी ना मेलेली, मऊ काळी.

तुम्ही पट्ट्यांकडं आधी बघितलंच नाही. तुमचं बोट गेलं कडीच्या मुळाशी.

"हे काय आहे?"

"वेल्ड हाय साहेब," हनीफमामा म्हणाले.

"गांडूळ चिकटवल्यासारखं दिसतंय."

कारकून हसला. सर्जाही हसला. हनीफमामा हसले नाहीत.

"करंगळीएवढा मारलाय मुद्दाम. कडीला धरायला."

तुम्ही मोबाईल काढलात. परदेशातल्या कुठल्यातरी गाडीचा फोटो. काळाभोर बंपर, मागं बर्फाचा डोंगर. "हे बघा. ह्यात कुठं आहे गांडूळ?"

हनीफमामांनी मोबाईल हातभर लांब धरला. चष्मा नव्हता. बराच वेळ बघत राहिले.

"ह्यात कडी आरपार घातलीया साहेब. मागनंबी धरलीया. तुमच्या ड्रॉइंगात कडी नुसती वर टेकवलीया. बंपरचा डबा बंद हाय, आत हात जाईत न्हाई. म्हंजे धरनार कोन? तर हे गांडूळच."

"ड्रॉइंग वरून मंजूर होऊन आलंय."

"मी नाव ठेवत न्हाई ड्रॉइंगला. गांडूळ ऱ्हाऊ द्या म्हणतोय."

तेव्हा मी मध्ये बोलले. साहेब, मी बोलले होते हे तुम्हाला आठवत असेल. मी टेक्श्चरची पट्टी पुढं केली. म्हणाले, "हे घ्या साहेब. दाणेदार. ह्याच्यात वेल्ड आपोआप मुरून जातो, घासाघाशी करायला लागत न्हाई. दगड उडाला, झुडूप घासलं, तरी ओरखडा दिसत न्हाई. डोंगरातल्या गाडीला हेच घालत्यात सगळी."

तुम्ही अंगठ्यानं पट्टी घासलीत. तोंड वाकडं केलंत.

"हत्तीचं कातडं आहे हे."

"डोंगरात हत्तीच बरा की साहेब," सर्जा म्हणाला आणि मोठ्यानं हसला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. त्याचं हसू तिथल्या तिथं थांबलं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"लोकार्पण आहे," तुम्ही म्हणालात. "सहाही गाड्या ओळीत उभ्या राहणार. पाहुणे बंपरला हार घालणार, फोटो निघणार. ह्या खरखरीत पृष्ठभागावर हाराचे दोरे अडकतील, फुलं फाटतील. कसं दिसेल ते?"

मी आजपर्यंत हजारो वस्तू रंगवल्या. शेतीची अवजारं, दवाखान्याच्या खाटा, शाळेचे बाक. हाराचा दोरा अडकेल म्हणून रंग बदललेला तो एकच.

तुम्ही सॅटिनची पट्टी उचललीत. उन्हात तिरकी धरलीत. "ही."

"साहेब, सॅटिनखाली केस पडला तरी दिसतो," मी म्हणाले. "वेल्ड तर लांबनंच दिसणार."

"म्हणूनच सांगतोय. दिसता कामा नये. हात फिरवला तर लागता कामा नये."

"म्हंजे वेल्ड घासायला लागंल."

"ते तुमचं तांत्रिक. मी फिनिश बघणार."

हनीफमामा म्हणाले, "मग 'वेल्ड घासा' म्हणून लिवून द्या."

तुम्ही एकदम थंड बोललात. "मी फिनिश लिहून देतो."

कारकुनाकडून मार्कर घेतलात. पट्टी पालथी करून मागच्या बाजूला लिहिलंत : मंजूर. खाली सही, तारीख. ती पट्टी माझ्या हातात दिलीत, बाकीच्या दोन कारकुनानं फाईलबरोबर नेल्या. जाताना सर्जाच्या खांद्यावर थाप मारलीत. "सनगर, बहिणीकडून काम चांगलं करून घ्या. नाहीतर लोक म्हणतील घरचंच होतं म्हणून चालवून घेतलं." सर्जा मान हलवत गाडीपर्यंत मागं गेला. तुमच्या गाडीचं दार त्यानं उघडलं.

गाडी गेल्यावर हनीफमामांनी हातमोजे काढून बाकड्यावर टाकले.

"मी न्हाई घासनार."

"मामा, थोडं घासा की," सर्जा म्हणाला. "निम्मं घासा."

"निम्मं? निम्मी दाढी करून निकाहला जातोय का कोन?"

"चेष्टा नको मामा. माझी नोकरी हाय ह्याच्यात."

"तुझा जीव हाय त्याच्यात, खुळ्या. गाडीत कोन बसनार, साहेब? तू बसनार."

"मी बसनार म्हणूनच सांगतोय! मला ठावं हाय गाडी कशी चालवायची. कडी लागतीया कवा? वर्सातनं एकदा. आनि माझी गाडी दुसऱ्याला वडून काढतीया, माझी कोन काढत न्हाई. सात वर्सात एकदाबी काढली न्हाई."

"मारल्याला वेल्ड काढायचा म्हंजे मारलाच कशाला? त्यापरीस चिकटपट्टी लावायची हुती."

"आक्का, तू सांग मामाला."

दोघंही माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "बघू उद्या." हनीफमामा उठले, मोजे तिथंच टाकून भिंतीपलीकडं गेले. थोड्या वेळानं त्यांच्या यंत्राचा आवाज सुरू झाला. उरलेले बंपर ते बनवतच होते. वेल्ड तितकाच जाड मारत होते. मला वाटतं, मुद्दाम थोडा जास्तच.

सर्जा गेला नाही. पावडरच्या डब्यावर बसून राहिला.

"आक्का."

"काय."

"मी तुझ्याकडं कवा काय मागितलं?"

खरंच मागितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा भट्टीच्या पहिल्या कामाची गाडी त्यानं स्वतः भरली होती, स्वतः पोचवली होती, तुमच्याकडची ड्यूटी करून. मी त्याला एकदा म्हटलं होतं, झोपतोस कधी रे? म्हणाला, सिग्नलला.

"मामा न्हाई घासत तर तू घास," तो म्हणाला. "ग्राइंडर तुला येतोय की."

दुसऱ्या दिवसापासून, एकेक बंपर पलीकडनं येईल तसं, मी घासलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय, म्हणून सरळ लिहिते. कामावरच्या बायकांना मी टाकीच्या कामाला लावलं, म्हणजे तेल आणि गंज धुवायच्या कामाला, आणि पलीकडच्या कोपऱ्यात ग्राइंडर घेऊन बसले. वेल्ड घासला की आधी काळा निघतो, मग निळसर, मग एकदम पांढरा चकचकीत. ठिणग्या हातावर येतात. मी पहिल्या पाच बंपरांवर हात राखला. वरचे उंचवटे काढले आणि खालचा फुगवटा राहू दिला. हात फिरवला तर जरा लागेल, पण डोळ्याला दिसणार नाही एवढा.

सहावा राहिला तेव्हा सर्जा आला. हातात वडापावची पुडी. बंपरांवरून हात फिरवत गेला.

"हे लागतंय आक्का."

"एवढं चालतंय."

"साहेब हात फिरवून बघणार म्हणालेत."

"बघू देत. सगळ्यावर फिरवनार न्हाईत."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "मग एक तरी असा कर, की त्यांनी म्हणावं सनगरच्या बहिणीनं काम केलंय. तो पुढं ठेवू. तोच बघतील."

मी केला. साहेब, तो बंपर मी असा केला की कडी लोखंडातनं उगवल्यासारखी दिसत होती. आधी ग्राइंडर, मग बारीक फ्लॅप डिस्क, मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हातानं. टाकीत धुतला, गनखाली टांगला, पावडर मारली, भट्टीत दोनशे डिग्रीला भाजला. भट्टीचं दार उघडलं तेव्हा टाकीवरच्या बायका उठून बघायला आल्या. त्यातली एक म्हणाली, "विजाक्का, ह्याला तीट लाव." आम्ही हसलो. मी खरोखर मागच्या खाचेत बोटानं खडूचा ठिपका लावला.

हनीफमामा संध्याकाळी आले. बाकीच्या पाचांवर त्यांनी अंगठा फिरवला, मान हलवली. सहाव्याच्या कडीच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि तिथंच धरून राहिले.

"विजे, हा कुठल्या गाडीला?"

"दाखवायला केलाय मामा."

"दाखवायला ठीक हाय. डोंगरात पाठवू नको. काय ऱ्हायलंय हितं? सुताएवढं ऱ्हायलंय. कार्यक्रम झाला की परत आन. रंग जाळतो, नीट वेल्ड मारून देतो. तू परत रंगव. कुणाला कळत न्हाई."

"आणते मामा."

"शपथ?"

"आणते म्हणाले की."

शुक्रवारी तुम्ही आलात. ह्या वेळी आत आलात, कारण मी फरशी धुवून घेतली होती. तुमच्याकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन होतं. पुढच्या बंपरवर सहा ठिकाणी टेकवलंत. ऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी मायक्रॉन. कारकुनानं लिहून घेतलं. मग तुम्ही कडीच्या मुळाशी हात फिरवलात. एकदा. दोनदा. मग बोटाची नखं फिरवलीत.

"वा," तुम्ही म्हणालात. "आता कसं. बाकीचे असेच आहेत ना?"

"असेच हायत साहेब," सर्जा म्हणाला.

तुम्ही बाकीच्यांना हात लावला नाही. "हा कार्यक्रमात सगळ्यात पुढच्या गाडीला लावा. पाहुणे ह्यालाच हार घालतील. पुढची गाडी कुणाची ठेवायची?"

सर्जानं माझ्याकडं बघितलं. चाळिशीला आलेला माणूस, पण तोंड असं झालं होतं की जत्रेत पाळण्यासमोर उभं राहिलेलं पोर. त्याला स्वतःच्या तोंडानं मागवत नव्हतं.

ते मी मागितलं. "साहेब, आमच्या सर्जाची ठेवा की पुढं."

"ठेवू," तुम्ही म्हणालात.

कार्यक्रम झाला. फोटो पेपरात आला. बंपरला झेंडूचा हार, त्याच्या मागं तुम्ही, कडेला अर्धा कापलेला सर्जा. त्यानं तो फोटो मोबाईलला लावला. समृद्धीनं शाळेत दाखवला.

आठ दिवसांनी मी फोन केला. "सर्जा, बंपर घेऊन ये. मामा थांबलेत."

"आणतो की. रविवारी."

रविवारी ड्यूटी निघाली. पुढच्या वेळी म्हणाला, "साहेबांना इचारलं आक्का. म्हणाले, कार्यक्रमातला रंग हाय, बिघडवायचा न्हाई."

"काय सांगून इचारलंस?"

"काय सांगनार? आक्काला परत रंगवायचाय म्हणालो."

"वेल्डचं न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू? म्हणाले असते की मग कशाला घासलास."

मी आणखी एकदा फोन केला. मग मार्च आला, कामाचा लोंढा आला आणि मी केला नाही. हनीफमामांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, आणतोय तो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कायमच्या यादीतही सर्जाचं नाव आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या टायमाला."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाटातल्या एका वाडीवर दरड आली. सर्जा माणसं काढायला गेला. काढली. परत येताना रस्त्याची कड सुटली आणि त्याच्या गाडीची मागची चाकं खाली गेली. हे मला त्याच्या पुढं चाललेल्या गाडीचा चालक दादू सुतार ह्यानं सांगितलं, माझ्या शेडच्या पायरीवर बसून, ओल्या कपड्यांत.

"गाडी लोंबकळत न्हवती आक्का. नुसती टेकली हुती. घाबरायचं कारनच न्हवतं. माणसं उतरवली सगळी. सर्जेराव म्हणाला, स्टेरिंग धराय कोनतरी पायजे, न्हाईतर ओढताना वळंल. बसला. आमी समोरनं दोर लावला त्याच्या कडीला. माझ्या गाडीनं वडायला घेतलं. दोर ताट झाला. तेनं खिडकीतनं हात काढून असं केलं, ये ये. आनि टिचकी मारल्यागत आवाज झाला. दोर माझ्या गाडीच्या काचंवर येऊन आपाटला, कडीसकट. मला वाटलं दोर तुटला. दोर न्हवता तुटला."

पुढचं मी विचारलं नाही.

गाडी वर काढून तुमच्या आवारात ठेवली होती तेव्हा मी बघायला गेले. छत चेपलेलं, दारं नव्हती. बंपर मात्र जागेवर. चिखल धुतल्यावर रंगाला एक ओरखडा नव्हता. साहेब, मी माझ्या कामाचं खोटं कौतुक करत नाही, पण तसा सॅटिन मी पुन्हा कधी काढू शकले नाही. जिथं कडी होती तिथं दोन रेघा होत्या उघड्या लोखंडाच्या. सुताएवढ्या. हनीफमामा बरोबर बोलले होते. मी मागच्या खाचेत बोट घातलं. खडूचा ठिपका पावसातनं, दरीतनं जाऊन तसाच होता.

चौकशी सप्टेंबरात लागली. हनीफमामा माझ्याबरोबर आले, त्यांना बोलावणं नव्हतं तरी. इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला टोपी. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही अडीच तास बसलो. सगळा वेळ ते मनात काहीतरी जुळवत होते. मध्येच म्हणाले, "मी सांगनार, ड्रॉइंगबी चुकीचं हुतं. माझंबी चुकलं, मी त्या टेकवलेल्या कडीवर वेल्ड मारायलाच नको हुता. तू सगळं सांग. पट्टी दाखव. आनलीस न्हवं?"

आणली होती. पिशवीत होती.

आत तीन माणसं. तुम्ही तिसरे. ज्याच्या सहीची पट्टी माझ्या पिशवीत होती तोच माणूस चौकशीला बसला होता. मधल्या साहेबांनी फाईल उलटली.

"बाई, रंगकाम तुमचं?"

"होय."

"रंगात काही दोष होता?"

"नाही."

"मंजूर नमुन्याप्रमाणेच होता?"

"होय."

"ठीक आहे. या तुम्ही."

मी उभीच राहिले. तुम्ही माझ्याकडं बघत होता. पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. तुमच्या तोंडावर भीती होती, साहेब. मी ती बघितली. त्या क्षणी पिशवीत हात घातला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. घासलं कुणी, असं विचारलं की मला माझं नाव सांगावं लागेल. भाऊ माझ्या हातानं मेला हे सुवर्णाला, त्याच्या बायकोला, कळेल. मला धरून नेतील. शेडला कुलूप लागेल. एवढं सगळं दोन श्वासांत डोक्यात आलं.

"अजून काही?" मधले साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

तुम्ही टोपण लावलंत.

बाहेर हनीफमामा उठून उभे राहिले. "सांगितलंस?"

"विचारलंच न्हाई मामा."

त्यांनी पिशवीकडं बघितलं. पिशवीचं तोंड बांधलेलंच होतं. त्यांनी टोपी काढली, घडी केली, खिशात घातली.

"मग मलाबी बोलवनार न्हाईत," एवढंच बोलले आणि चालत निघाले. बसनं एकत्र आलो होतो, जाताना ते एकटे गेले. त्यानंतर सहा वर्षं त्यांची शेड चालली, भिंत तीच होती, पण ते माझ्या दारात आले नाहीत. त्यांची पोरं काम घेऊन यायची. गेले तेव्हा मी माती द्यायच्या वेळी लांब रस्त्यावर उभी होते.

आणि मग तुमची ती ओळ आली. चालकाचा निष्काळजीपणा. ती छापून आल्यावर कुणीच पुढं काही विचारलं नाही. सर्जाच्या जागी सुवर्णाला कामावर घ्यायचा विषय त्याच ओळीनं संपला. गाडी टेकली असताना माणसं आधी उतरवून स्वतः आत बसलेला माणूस निष्काळजी. मी ते वाचलं आणि तेव्हाही गप्प बसले. अकरा वर्षं बसले. राखीपौर्णिमेला दार लावून घेते, एवढंच करते.

गेल्या महिन्यात समृद्धी आली. एकोणीस वर्षांची झाली. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिनं अहवालाची प्रत काढलीय. माझ्यासमोर पान चार उघडून ठेवलं.

"आत्या, बाबा गाडी कशी चालवायचे गं?"

"का?"

"इथं असं लिहिलंय. आई म्हणते खोटं आहे. पण आई तेव्हा घरीच होती. तुला कायतरी ठाऊक असणार."

मी तिला चहा दिला. ती प्यायली नाही. संध्याकाळपर्यंत बसली आणि गेली. जाताना तिनं माझ्या पायांना हात लावला, तो मी लावू द्यायला नको होता.

म्हणून हे लिहिलंय. माझं नाव विजया, सर्जेराव सनगरची बहीण. सहाव्या बंपरचा वेल्ड मी घासला, माझ्या हातानं, जितका घासता येतो तितका. तो बंपर माझ्या भावाच्या गाडीला लावा असं मी सांगितलं. परत आणायची कबुली देऊन मी आणला नाही. तुमच्यासमोर उभी राहून मी तोंड उघडलं नाही. ह्याची एक प्रत समृद्धीला दिलीय, एक पोलीस ठाण्यात. ज्याला मला न्यायचं असेल त्यानं यावं, शेडचा पत्ता बदललेला नाही.

सॅटिनची पट्टी माझ्याजवळ आहे. रंग जराही उडालेला नाही, तुमची सहीही पुसलेली नाही. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला मी विचारतेय, साहेब. पेनाचं टोपण बाजूला ठेवा आणि माझ्या भाचीच्या डोळ्यांत बघून सांगा.

ते गांडूळ हाताला लागता कामा नये, असं कोण म्हणालं होतं?